टेनरची जवारी: माउथपीस, पत्ती आणि हॉर्नच्या नोंदी

१० मार्च २०२४

गेल्या दीड वर्षात सॅक्सोफोनच्या माउथपीसवर आणि पत्त्यांवर मी जेवढे पैसे घातले तेवढ्यात बाथरूम नवं झालं असतं, असं हिचं म्हणणं. हिशेब मांडला तर ती फार चुकत नाही. म्हणून ही वही. (हॉर्न म्हणजे सॅक्सोफोनच. पत्ती म्हणजे रीड, माउथपीसवर बांधलेली, फुंकलं की थरथरणारी पट्टी. सनईवाल्यांचा शब्द आहे, माझ्या तोंडी तोच बसलाय.) यापुढे जे बदलायचं ते एका वेळी एक, मोजून आणि लिहून. भोसरीच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं.

हवं काय, ते आधी लिहून टाकतो, नाहीतर मी मध्येच रस्ता बदलतो. जॅझवादक बेन वेबस्टरचा संथ गाण्यांतला टेनर, म्हणजे भारदस्त आवाजाचा सॅक्सोफोन, हवाय. त्याच्यात सुराच्या आधी हवा येते, मग सूर उमलतो, आणि सूर विझला तरी हवा थरथरत राहते. जुन्या दिवाणखान्यात कुणी कानाशी येऊन बोलावं तसा आवाज. हाच माणूस १९४० ते ४३ ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये जलद लयीत गुरगुरायचा, घसा खरवडून वाजवायचा. दोन्ही आवाज एकाच छातीतले. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण दुकानाच्या काचेसमोर उभा राहिलो की मला नेमकं हेच आठवत नाही.

आज हातात आहे ते असं: यामाहा वायटीएस-२३, शिकाऊंसाठीचा जपानी टेनर, सेकंडहँड. त्याच्यासोबतचाच ४सी माउथपीस. नारिंगी खोक्यातली रिको, नंबर अडीच.

चाचणी कायम हीच. फोन पुस्तकांच्या कपाटात तिसऱ्या फळीवर, मी सहा फरशा लांब. खालच्या बी-फ्लॅटपासून वर डीपर्यंत एकेक सूर आठ मात्रा, आधी हळू, मग मोकळा. मग मधल्या सप्तकातली एक संथ ओळ. शेवटी वरचे, तळहाताच्या कळांचे सूर. शेजारच्या काकूंना वेळ सांगून ठेवली आहे, संध्याकाळी सहा ते पावणेसात.

आजचं रेकॉर्डिंग: मधली ओळ नीटनेटकी, शाळेच्या गणवेशासारखी. खालचा सी कष्टानं लागतो. बी आणि बी-फ्लॅट हळू वाजवायला गेलो की गुळणी केल्यासारखा आवाज येऊन वरचा सूर फुटतो.

१७ मार्च

भाच्यानं न्यू जर्सीहून ऑटो लिंक कंपनीचा टोन एज माउथपीस आणला. काळा, एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. नंबर ७ स्टार. नाकाशी नेला की वास येतो, टायरच्या दुकानाचा नाही म्हणता येणार, पण त्याच्या चुलतभावाचा नक्की.

दोन्ही माउथपीस खिडकीशी धरून आत बघितले. ४सीमध्ये पत्तीच्या टोकासमोरची आतली उतरण, म्हणजे बॅफल, साधी आहे, मागची पोकळी मध्यम, आणि टोकाशी फट अरुंद. लिंकमध्ये पोकळी मोठी. आतल्या भिंती बाहेरच्या बाजूला खोदल्यासारख्या आहेत, अंगठा फिरावा इतकी जागा. बॅफल उंच आणि पोकळी लहान असली की वरचे स्वनांश, म्हणजे सुरात मिसळलेले बारीक चढे सूर, उठून येतात, आवाज धारदार होतो, भर गर्दीतून कापत जातो. पोकळी मोठी की आवाज गोल आणि सावळा. वेबस्टर लिंकवरच वाजवायचा, धातूच्या. मला रबराचा परवडला.

७ स्टार म्हणजे टोकाची फट १०५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), अडीच मिलिमीटरच्या थोडं वर. ७ म्हणजे १००, ६ स्टार म्हणजे ९५. आमच्या शॉपमध्ये पाच थाऊ म्हणजे जॉब रिजेक्ट. इथं पाच थाऊ म्हणजे पुढचा नंबर.

३१ मार्च

दोन आठवडे ७ स्टार वाजवला. लाज वाटते लिहायला.

अडीच नंबरची पत्ती लावली तर फट एवढी मोठी की पत्ती बंद करायलाच निम्मी हवा जाते. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. दोन नंबर लावली तर हवा ऐकू येते खरी, पण ती वेबस्टरची नव्हे, प्रेशर कुकरची. वरचे सूर पाव सूर खाली. ते वर खेचायला जबडा आवळावा लागतो, जबडा आवळला की आवाज पिचतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. आणि खालचा बी-फ्लॅट अजून गुळण्याच करतोय.

सगळे मोठे लोक मोठ्या फटीवर वाजवतात ही माझी समजूत कुठून आली, कोण जाणे. जॅझवादक कॅननबॉल ॲडरलीचा आल्टो, म्हणजे टेनरपेक्षा लहान सॅक्सोफोन, मेयर ५ माउथपीसवर होता, टोकाला साधारण ७१ थाऊ. आल्टो म्हणून धरलं तरी आजच्या मानानं अरुंदच. आणि त्याचा आवाज कुणाला बारीक वाटलाय?

७ एप्रिल

कॅम्पात अंकलकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढं, मूळचे बार्देशचे, मुंबईच्या स्टुडिओंमध्ये उमेद घालवलेली. आता वाजवत नाहीत म्हणतात, पण दिवाणाखालची पेटी दर महिन्याला उघडून पुसतात. आत सेल्मर मार्क सहा सॅक्सोफोन. हे मॉडेल १९५४ ला आलं, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद झालं तरी लोक अजून त्याच्याच किमती विचारतात. अंकलच्या हॉर्नवरचं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, अंगठ्यांच्या जागी पार उडालंय.

माझी सगळी रडकथा ऐकून घेतली आणि म्हणाले, "दे बघू इकडे." माझाच यामाहा, माझाच ७ स्टार, माझीच दोन नंबरची पत्ती. तीन-चार सूर वाजवले. अंकलसारखे वाजले. जाड, थोडे खरखरीत, शेवटाला खाली झुकणारे. मग स्वतःच्या सेल्मरवर वाजवले, तेही अंकलसारखेच, फक्त वरच्या सुरांना जरा जास्त मोकळीक. मग मी सेल्मरवर वाजवला. अंकल हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

पण माझ्या हॉर्नवर खालच्या सीला येताना त्यांची बोटं थांबली. कळ दाबली, सोडली, परत दाबली. "अरे बाबा, हा गळतोय. तू माउथपीसला शिव्या देतोस आणि खाली बादलीला भोक आहे."

सिगारेटचा कागद मागवला. घरात नव्हता, शेवटी पतंगाच्या कागदाची पट्टी कापली. ती पॅडखाली, म्हणजे कळेच्या भोक झाकणाऱ्या गादीखाली, ठेवायची, कळ हलकी दाबायची आणि ओढायची. सगळीकडून सारखी अडली पाहिजे. एफ-शार्पच्या पॅडखालून पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी आली.

निघताना विषय टेनरवादक सॉनी रॉलिन्सवर गेला. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवात त्यांनी त्याला ऐकलं होतं. माउथपीस कुठला होता, मी विचारलं. "तेव्हा कोण बघत होतं रे," म्हणाले आणि चहा ओतला.

१४ एप्रिल

बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळून, एलईडीची बारीक पट्टी आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर आणला. पट्टी हॉर्नच्या पोटात सोडायची, खोलीत अंधार करायचा आणि एकेक कळ अगदी हलक्या बोटानं मिटायची. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. माझा यामाहा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा दिसला.

मुख्य दोष एकच होता. उजव्या हाताची एफ, ई, डी यांपैकी कुठलीही कळ दाबली की वरचं एफ-शार्पचं पॅडही मिटावं लागतं, आणि त्याच दांडीचा एक बाहू जी-शार्पच्या पॅडला दाबून धरतो. या सांध्यांत कॉर्कचे पातळ तुकडे असतात. वर्षानुवर्षं दाबून ते चपटे झाले की बोटाखालचं पॅड मिटतं आणि वरचं केसभर उघडं राहतं. त्या केसभर फटीमुळे तिच्या खालचे सगळे सूर आजारी पडतात. म्हणजे दीड वर्ष मी जबड्यानं एक कॉर्क भरून काढत होतो.

अर्ध्या मिलिमीटरचा कॉर्क आधी चिकटवला. जाड झाला, आता एफचं पॅड उघडं राहायला लागलं. वॉटर पेपरची पट्टी मध्ये धरून ओढत ओढत घासला, दोन्ही पॅड एकदम टेकेपर्यंत. शॉपमध्ये आम्ही याला मॅचिंग म्हणतो. दुपारचं जेवण चार वाजता झालं. लो सी-शार्पचं पॅड मात्र कडेला फाटलेलं निघालं. ते बदलायला दुरुस्तीवाल्याकडे दिलं. पेठेतला जुना माणूस, लग्नाच्या बँडांची वाद्यं करतो. पॅड गरम लाखेवर बसवताना त्यानं ते बोटानं नव्हे, जिभेनं ओलं केलेल्या सुरीच्या पात्यानं सरळ केलं. मला अजून कळलं नाही का, पण पॅड बसलंय.

संध्याकाळी ४सी लावून चाचणी घेतली. खालचा बी-फ्लॅट हळू वाजला, पहिल्याच फुंकरीत. हवेसकट.

माउथपीस बदललेला नाही, हे खाली दोनदा रेघ मारून लिहितोय.

५ मे

पारा चाळिसाला टेकलाय, घरातला आर्द्रतामापक दुपारी १९ टक्के दाखवतो. पत्त्यांचे हाल. तोंडात भिजवून लावल्या की टोकं पापडासारखी लाटा घेतात. पत्तीचं टोक चार थाऊ जाड, साध्या कागदाएवढं. ते दोन मिनिटांत सुकतं, मागचा भाग ओलाच राहतो, मग वाकणारच.

पत्ती ज्याची होते ते बोरू-नळासारखं गवत, अरुंडो डोनॅक्स, दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात चांगलं येतं म्हणून बरेच मोठे कारखाने तिथलं वापरतात. समुद्राकाठच्या हवेत वाढलेली वस्तू पुण्याच्या उन्हाळ्यात आणून तक्रार कुणाकडे करायची? उपाय साधे केले. लावण्याआधी पत्ती कोमट पाण्यात दोन मिनिटं, लाळेत नाही. लाटा दिसल्या तर सपाट काचेवर उलटी ठेवून अंगठ्यानं दाबायची, सरळ होईपर्यंत थांबायचं. चार पत्त्या फिरवून वाजवायच्या, एकच सलग नाही. नवी पत्ती पहिले तीन दिवस रोज पाच मिनिटंच.

नंबरांबद्दल एकदाच लिहून टाकतो. एका कंपनीचा अडीच दुसऱ्या कंपनीचा अडीच नसतो. सिलेक्ट जॅझ पत्त्यांवर २एच, ३एस असं लिहितात, सॉफ्ट-मीडियम-हार्ड अशी प्रत्येक नंबराची तीन पोटभागणी. त्यातली ३एस मला व्हँडोरेनच्या व्ही१६ अडीचपेक्षा किंचित जड वाटली. आणि एकाच खोक्यातल्या पाच पत्त्या पाच सख्ख्या भावांसारख्या, म्हणजे एक शहाणा, दोन बरे, दोनांबद्दल न बोललेलं बरं.

१९ मे

आजोळी मिरजेला आलोय. या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद सतारमेकर गल्लीत अजून आहे. मामांच्या ओळखीच्या एका कारागिराकडे तासभर बसलो.

ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, जवळून त्याला अगदी सौम्य उतार असतो. तार त्या उतारावर टेकत, सुटत, परत टेकत कंप पावते, त्यातून तो भुंग्यासारखा गुंजारव. त्यांनी कानसीचे तीन हात मारले, तीनच. तार चढवली, छेडली, मान हलवली, उतरवली. परत दोन हात. मग तारेखाली दोरा सरकवला, नखानं इकडून तिकडे, आणि एका जागी खोली अचानक भरून गेली. "उघडी पाहिजे की बंद?" त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं. उघडी जवारी म्हणजे झळाळ जास्त, बंद म्हणजे गोलाई. गिऱ्हाईक गायिका होत्या. त्यांनी "मध्ये, पण बंदकडे" असं सांगितलं, आणि कारागिराला ते पुरलं.

मी तिथंच पिशवीतून ७ स्टार काढला. माउथपीसच्या खिडकीच्या दोन बाजूंना दोन बारीक कडा असतात, रेल. त्या टोकाकडे हळूहळू दूर वळत जातात. पत्ती त्या वळणावर लोळत मिटते आणि सुटते. तार घोडीवर लोळते तशीच! त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, एक डोळा मिटला. सॅक्सोफोन त्यांनी लग्नाच्या वरातीपलीकडे पाहिलेला नाही. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "डावी-उजवी सारखी नाही हो तुमची."

२६ मे

तुलना कुठवर ताणायची तेही लिहितो. जवारीत झळाळ त्या वळणातूनच येते. माउथपीसमध्ये झळाळ मुख्यतः बॅफल आणि पोकळीतून. वळण ठरवतं ते पत्ती किती सहज बोलते, हळू फुंकरीला साथ देते की नाही, किंचाळते की नाही. पण मला हवा तो श्वास हळू फुंकरीतच आहे. म्हणून माझा रस्ता वळणातूनच जातो.

मोजलं. जाड काचेच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा, त्यावर माउथपीस पालथा, आणि रेल व काचेच्या मधल्या फटीत फीलर गेज. हाच गेज गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात. दीड थाऊचं सर्वांत पातळ पान जिथं अडतं तिथं वळण सुरू. डाव्या रेलवर टोकापासून ४८ वी रेघ, उजव्या रेलवर ४३ वी. म्हणजे उजवीकडे वळण अडीच मिलिमीटर उशिरा सुरू होतंय. जाड पानांनाही तीच रड. टोकाची फट १०५ ऐवजी १०८. कारागिराचा एक डोळा आणि माझे फीलर गेज, निकाल सारखा.

एबोनाइटच्या माउथपीसचं शेवटचं काम हातानं होतं, थोडं इकडे-तिकडे होणार. राग नाही. पण इतके दिवस मी वाकड्या वळणावर दोन नंबरची पत्ती लावून स्वतःच्या फुप्फुसांना नावं ठेवत होतो.

९ जून

आधी जुन्या प्लास्टिकच्या माउथपीसवर हात बसवला. तो वाया गेला. दुसराही गेला, पण कमी.

मग ७ स्टार. काचेवर हजार नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी. एबोनाइटची कोरडी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. माउथपीस पालथा धरून टोकाकडून मागे ओढायचा आणि ओढताना वळणासोबत उचलत जायचं, जोर उजव्या रेलवर किंचित जास्त. पाच हात मारले की धुवायचं, पुसायचं, मोजायचं. साडेतीन तासांत ४३ चा ४६ झाला. डावा ४८ वरच ठेवला. तिथं थांबलो, कारण हात थकला की माणूस एक ओढ जास्त मारतो आणि ती परत भरता येत नाही. मिरजेत बघितलं होतं, तीन हात मारून तार चढवायची.

गरम पाण्यानं धुवू नये, उन्हात ठेवू नये, हेही शिकलो. पृष्ठभागावरचं गंधक वर येतं आणि काळा रंग शेवाळी होतो. माझा आता एका बाजूनं किंचित हिरवट आहे.

वाजवला. पूर्वी कर्कश वाटायचा तो भाग गेला. हळू सूर दाराआडून यावा तसा येतो. पण फट अजून मोठीच आहे, वरचे सूर अजून खालीच. वळण सुधारलं, दम तर माझाच राहिला.

७ जुलै

मुंबई. एका गृहस्थांकडे विसाच्या दशकातला कॉन टेनर विकायला होता, चांदीचा मुलामा. पवईवरून जाताना पुन्हा रॉलिन्स आठवला. साठच्या दशकाच्या अखेरीस तो इथल्या आश्रमात येऊन राहिला होता. तेव्हा इथं काचेच्या इमारती नव्हत्या.

हॉर्न बघून जीव गेला. सुरांच्या भोकांच्या कडा बाहेर वळवून गोल केलेल्या, पुढच्या रुंद तोंडाची झाक जुन्या समईसारखी. खालचा सी वाजवला तर पायाखालची फरशी हलल्याचा भास झाला. मग वर गेलो आणि सगळं विस्कटलं. माझा ४सी लावला होता. वरचे सूर चढे, मधला डी एक बोलतो तर ई भलतंच.

याचं कारण मला भेळेच्या पुड्यावरून समजतं. सॅक्सोफोन हा शंकू आहे, टोक कापलेला. पुड्याचं टोक कापून तिथं माउथपीस बसवला, तर माउथपीसच्या आतली जागा साधारण त्या कापलेल्या टोकाएवढी भरली पाहिजे. कमी भरली तर सप्तकं एकमेकांपासून सरकतात. त्या काळचे माउथपीस मोठ्या पोकळीचे होते आणि हॉर्न त्यांच्या मापानं बांधलेले. लहान पोकळीचा लावला की कॉर्कवरून बाहेर ओढावा लागतो आणि तरी ताळमेळ बसत नाही. लिंक लावून बघितला, बराच सावरला. पण डाव्या हाताच्या करंगळीच्या कळा अशा अवघड की जी-शार्पवरून खालच्या सी-शार्पवर जाताना बोट मुरगळायचं बाकी राहिलं.

किंमत सांगत नाही, ही ही वही वाचते. नाही घेतला. गाडीत बसल्यावर अर्धा तास वाईट वाटलं, खोपोलीला वडा खाल्ल्यावर कमी झालं.

हॉर्नच्या धातूबद्दल आणि लॅकरबद्दल जे काय वाद ऐकतो, त्यावर मी एकच गोष्ट मनाशी धरून आहे. चार्ली पार्करनं १९५३ च्या मे महिन्यात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये ग्राफ्टन नावाचा ॲक्रिलिकचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचा आल्टो वाजवला. रेकॉर्डिंग आहे. डोळे मिटून ऐकलं तर तो पार्करच आहे. हॉर्नचा फरक मला बोटांना, सुरेलपणाला आणि वरच्या मोकळीकीला जाणवतो. रंगाला फार कमी.

२८ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही. आर्द्रता ८८. आता पत्त्यांची उलटी तऱ्हा. सुकतच नाहीत, फुगतात, जड वाजतात, आणि एका डब्यात दोघींवर राखाडी बुरशी. फेकल्या. उरलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ पाण्यात बुडवून, धुवून, काचेवर वाळवल्या. डब्यात औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी ठेवली, झाकण किंचित सैल.

जी ३एस मेमध्ये बरोबर होती ती आता जड. २एचवर आलो. म्हणजे माझ्यापुरतं पत्तीला नंबराबरोबर महिनाही लिहायला हवा.

लेजेरची कृत्रिम पत्ती एकाकडून उसनी आणून आठवडाभर वाजवली. हवामानाचा तिला स्पर्श नाही. पेटी उघडा, वाजवा. सूर स्वच्छ, खालचे सूर छान. फक्त सूर विझताना जी थरथरती हवा उरते तिथं मला काहीतरी झाकण बसल्यासारखं वाटलं. मुलीला विचारलं, तिला काहीच फरक वाटला नाही. बँडमध्ये उघड्यावर वाजवणाऱ्यानं हीच घ्यावी. मी परत गवतावर.

१८ ऑगस्ट

अंकलनी बोलावून एक माउथपीस हातात ठेवला. रबराचाच लिंक, ६ स्टार, त्यांच्याकडे पडून होता. "तू आता मोजायला शिकलास म्हणे. मोज." मोजला: ९४ थाऊ, दोन्ही रेल ४७-४७. कुणीतरी कधीतरी मन लावून केलेला.

घरी आंधळी चाचणी घेतली. मुलगी पाठमोरी, मी क्रम बदलून तोच संथ तुकडा वाजवतो: ४सी, घासलेला ७ स्टार, ६ स्टार, आणि एका मित्राचा धातूचा लिंक ७. तिनं चिठ्ठ्यांवर लिहायचं, कुठला "पावसाळी" वाटला. शब्द तिचाच. तीन फेऱ्या. ६ स्टार दोनदा, धातूचा एकदा. धातूचा नेहमी चकचकीत वाजतो ही माझी खात्री होती. तो तर ४सीपेक्षा सावळा निघाला. कारण त्याची पोकळी मोठी आणि बॅफल बसका. धातू बिचारा उगाच बदनाम.

लिगेचर, म्हणजे पत्ती बांधायचा पट्टा, यावर मी एक ओळ लिहितो. पत्ती सरकू नये एवढा आवळला की झालं.

६ स्टारवर वर जाताना सूर खाली येत नाहीत, जबडा सैल राहतो. खालचा ओठ थोडा मागे घेऊन, पत्ती कमी तोंडात धरून फुंकलं की सबटोन, म्हणजे तो हवेनं भरलेला मऊ सूर, येतो. हाच प्रकार ७ स्टारवर करायला गेलो की दमच खर्च व्हायचा, ४सीवर गेलो की जागाच नव्हती.

२२ सप्टेंबर

गणपती गेले, ढोल थांबले, आता फोनला काहीतरी ऐकू येईल. १० मार्चच्या रेकॉर्डिंगशेजारी आजचं ठेवलं. त्याच फळीवर फोन, सहा फरशा.

यामाहा वायटीएस-२३, ६ स्टार, सिलेक्ट जॅझ २एच. खालचे सूर हळू लागतात, हवा आधी, सूर मागून. मधली ओळ गणवेशातून बाहेर आली आहे, सदऱ्याचं वरचं बटण उघडं. वरचे सूर सरळ. सुराचा शेवट मात्र वेबस्टरचा नाही. तो सूर सोडताना कंप सैल आणि रुंद करत नेतो, मी कंप संपवूनच टाकतो. त्याला माउथपीस नाही. रोज एक सूर घेऊन शेवटचे चार ठोके ऐकत बसायचं, एवढंच.

मग गंमत म्हणून १४ एप्रिलचं रेकॉर्डिंग लावलं, गळती काढल्यानंतरचं, ४सीवरचं. खालच्या तीन सुरांत मला आजच्यात आणि त्यात फारसा फरक ऐकू आला नाही. हिलाही नाही. तिनं विचारलं, मधले पाच महिने कशाचे? मी मधल्या ओळीचं रेकॉर्डिंग परत लावलं. तिथं फरक आहे. ती म्हणाली, "हं."

७ स्टार विकायचा आहे, पण घासलेला आहे हे सांगूनच. उजवा रेल ४६, डावा ४८, टोक १०८, रंग एका बाजूनं हिरवट. घेणाऱ्यानं काच घेऊन यावं.

नेकवरचा, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीवरचा, कॉर्क सैल झालाय, ६ स्टार डुलतो. दसऱ्याआधी बदलणे. तोवर प्लंबरची पांढरी टेप.